निम्मी आई

मेलेल्या माणसाचा आवाज कुठल्याही औषधाने जात नाही, असं जाणती माणसं सांगतात. आमच्या आईचा तिसऱ्या आठवड्यात गेला. रोज सकाळी एक पांढरी गोळी, खाल्ल्यानंतर.

आवाज ऐकू यायचा तो वहिनीला. आधी फक्त ओट्यापाशी: "झाकण ठेव. हात पूस. पुन्हा बघ." मग वहिनी झोपेतून उठून पुन्हा बघायला लागली. जिवंतपणी आई निदान दुपारची पडायची. आता तिला विश्रांतीचीही गरज उरली नव्हती.

वहिनीचं काम म्हणजे फोनवर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकणं. शिव्या खायचा पगार मिळायचा. पण आई हेडफोनमध्येही शिरली. गिऱ्हाईक बोलायचं आणि त्याच्यामागून, शेजारच्या खोलीतून बोलावं तशी, आई. एकदा वहिनी ओरडली, "आई, तुम्ही गप्प बसा हो!" पलीकडे एक वकील होते. साहेबांनी बजावलं, बऱ्या होऊन या. पुन्हा असं झालं तर येऊच नका.

मनोविकारांच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि शिवाय समुपदेशक बाईंकडे बोलायला पाठवलं. त्यांनी शिकवलं, आवाजाशी भांडायचं नाही. त्याला "नंतर" म्हणायचं. आईला उभ्या आयुष्यात कुणी "नंतर" म्हटलं नव्हतं. आवाज बारीक झाला, मग थांबला. त्या सकाळी वहिनी इतकी उशिरापर्यंत झोपली की आम्ही श्वास चालू आहे ना ते बघून आलो.

घर शांत झालं आणि दादा बिथरला.

"आज काही म्हणाली?"

"नाही हो."

"माझ्याबद्दलही नाही?"

"कुणाबद्दलच नाही. गेल्या त्या."

"गेल्या काय! परवापर्यंत तर होती."

आधी रोज काहीतरी निरोप असायचा. तुम्ही वाळलात म्हणतात. स्वेटर घाला म्हणतात. दादा निमूट स्वेटर घालायचा.

पुढच्या महिन्यात आवाज परतला. अर्धवट, शब्द गिळत. "...ठेव. ...पूस." वहिनीची झोप उडाली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळी चुकते का?"

"छे, हेच रोज हातावर देतात. तुम्ही अर्धी करायला सांगितलीत ना, तेव्हापासून अर्धी."

"मी?"

दादा छताकडे बघायला लागला.

"सगळी नको होती यायला," तो म्हणाला. "निम्मी आली तरी मला चालली असती."

"गोळी कमी करायची की नाही ते मी ठरवते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "घरी मनाने तोडायची नसते."

वहिनी मात्र चिडली नाही, हेच भयंकर होतं. "त्यांनी तुमचं नाव एकदाही घेतलं नाही," ती म्हणाली. "वाळलात, स्वेटर घाला, ते सगळं मी जोडायचे. तुमचं तोंड बघवत नव्हतं म्हणून."

"मग ती बोलायची कुणाशी?"

"माझ्याशी. फक्त माझ्याशी. हवी होती का तुम्हाला?"

वहिनी आता गोळी स्वतःच्या हाताने, अख्खी घेते. आवाज पुन्हा गेला, ती कामावर रुजू झाली. समुपदेशक बाईंनी मग दादालाही बोलावलं. आपल्याला काहीही झालेलं नाही हे ठणकावून सांगायला तो गेला, आणि त्यांच्या खुर्चीत बसल्या बसल्या झोपला.