डावा हात मामांचा, उजवा मामींचा

गळ्यात पट्टे अडकवून छातीशी धरतात, भाता ओढतात, दाबतात आणि मग जो गातो, तो मी अकॉर्डियन. आता माझे वय झाले आहे. पांढऱ्या पट्ट्या चहाच्या रंगावर गेल्या आहेत. पण मित्रांनो, आवाज अजून खणखणीत आहे, आणि एक लग्न मी असे वाजवले आहे की ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

मला दोन भावांनी घडवले. थोरला लाकडाचे काम करी, धाकटा पोलादाच्या बारीक पात्या कानसून सूर लावी. दोघांचे एकमेकांशी बोलणे नव्हते. थोरला माझ्याकडे बघून म्हणे, "सांग त्याला, डावी बाजू जड झालीय." धाकटाही मलाच ऐकवी, "सांग त्याला, जड काही नाही, त्याचा हात हलका आहे." असे भांडण ऐकत मी तयार झालो.

मला विकत घेतले ते छापखान्यात काम करणाऱ्या एका तरुणाने. पुढे त्याला सगळे मामा म्हणू लागले, म्हणून मीही मामाच म्हणतो. आठवडाभर ते छापखान्यात राबत आणि सुट्टीच्या दिवशी मला घेऊन लग्नांना जात. नवरी दारातून आत येऊन मंचापर्यंत चालत जाते ना, तेवढ्या चालीपुरते आम्ही वाजवायचो. "तिच्या पावलांकडे बघायचं," मामा सांगत. "ती घाबरली की आपण सावकाश व्हायचं." कितीतरी नवऱ्या आमच्या सुरांवर चालत गेल्या. लोक मामांचे कौतुक करत, मुले माझी बटणे दाबून पळून जात.

मग एके सकाळी मामांना चहाचा कप उचलता येईना. उजवी बाजू गेली होती. काही महिन्यांनी पाय सुधारला, बोलणे सुधारले; उजवा हात मात्र मांडीवर पडून राहिला. मला पेटीत घालून पलंगाखाली सरकवले. पेटीत अंधार होता आणि माझ्या भात्याला कुबट वास येऊ लागला. वरून मामींच्या शिलाई मशीनचा आवाज यायचा. त्या घरी कपडे शिवून देत. त्या मशीनवर माझा फार राग होता. ती रोज चालायची.

मामांच्या भाचीचे लग्न ठरले, तेव्हा मी पलंगाखालून सगळे ऐकले. वाद्ये कोणती ठेवायची, यावर बोलणे चालले होते. भाची आणि तिचे होणारे सासरे चौघा व्हायोलिनवाल्यांना ऐकून आले होते. एक बासरीवाला ऐकला, एक गाणारी ऐकली.

"सगळे छान आहेत," भाची म्हणाली, "पण मी मामाच्या वाजवण्यावर चालणार."

मामा रागावले. "हात बघ माझा!"

"बघतेय की. डावा धडधाकट आहे. भाता डाव्यानंच ओढतोस ना?"

"आणि उजवीकडच्या पट्ट्यांचं? ते काय माझं नाक वाजवणार?"

"त्याचं बघू. पण तू नाही म्हणू नकोस, मामा. नाहीतर मी मुकाट्यानं चालत जाईन, एकही सूर नको मला."

तेवढ्यात शिलाई मशीन थांबली. मामी म्हणाल्या, "उजवीकडे मी बसते."

मामा हसले. "अगं, आयुष्यात कधी एक पट्टी दाबली आहेस का?"

"दाबली नाही. पण लग्न झाल्यापासून ऐकतेय. तुम्ही कुठे चुकता, तेसुद्धा मला पाठ आहे."

मला बाहेर काढले. भात्याचा एक कोपरा फाटला होता. मामींनी जुन्या पर्सचे कातडे कापून तिथे चिकटवले. एक पट्टी अडकत होती, तर त्या मशीनचे तेल घेऊन आल्या. मामा ओरडले, "तेल नको! मारशील त्याला!" जिवात जीव आला माझा.

मामा मला छातीशी घेऊन खुर्चीवर बसत. त्यांच्या मागे, उजव्या अंगाला, स्टुलावर मामी. मामांच्या काखेखालून हात घालून त्या माझ्या पट्ट्यांपर्यंत पोचत. पहिले काही दिवस नुसता गोंधळ होता. मामींचे बोट पट्टीवर असायचे आणि मामांचा भाता संपायचा. "अहो, माझं वाक्य अर्धंच राहिलं!" "मग लवकर बोल ना!" मी मधल्यामध्ये खोकत होतो. पण मामी उठल्या नाहीत. शिवायचे कपडे बाजूला पडले, गिऱ्हाइके कुरकुरली, बोटांची टोके दुखू लागली, तरी रोज स्टूल ओढले जायचे. मीही मनाशी ठरवले, या बाईची एकही पट्टी वाया घालवायची नाही.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात भाचीचे सासरे आले. माणूस भला, पण काळजीखोर. "वाईट वाटून घेऊ नका," ते मामांना म्हणाले, "पण ऐन वेळी अडलं तर? व्हायोलिनवाले तयार ठेवू का?"

उत्तर तिथेच बसलेल्या भाचीने दिले. "ठेवा, बाबा. पुढच्या खुर्च्या द्या त्यांना. त्यांनाही ऐकू दे."

लग्नाच्या दिवशी हॉल भरला होता. दार उघडले, भाची आत आली, मामांनी भाता ओढला आणि मी गाऊ लागलो. सुरुवात बेताची झाली, मग सूर जमला. भाची निम्म्या वाटेवर पोचली आणि मामींचे बोट घसरले. भलताच सूर वाजला. मामी घाबरल्या, त्यांचा हात थांबला. मी गप्प झालो.

कोणीतरी खोकले. सासऱ्यांनी हात वर केला, व्हायोलिनवाल्यांनी गज उचलले.

भाची जागच्या जागी उभी राहिली. तिने व्हायोलिनवाल्यांकडे बघून नकारार्थी मान हलवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मामी, घाई नाही. मी थांबलेय."

मामा मागे न बघता हळूच म्हणाले, "मी हवा घेतोय. तू म्हणशील तेव्हा सोडतो."

मामींनी पदराला बोटे पुसली. "सोडा."

मग मी जे गायलो, मित्रांनो, ते त्या दोन भावांनी ऐकले असते तर एकमेकांशी बोलले असते. भाची चालू लागली. मामांची नजर तिच्या पावलांवर आणि मामींची नजर पट्ट्यांवर. ती मंचावर पोचली, तेव्हा सासऱ्यांनी वर केलेला हात केव्हाच खाली आला होता आणि ते त्याच हाताने डोळे पुसत होते.

पुढच्याच महिन्यात एक मुलगी आणि तिचे वडील घरी आले. मुलीच्या लग्नात वाजवाल का, म्हणाले. मामांनी मामींकडे बघितले. मामी म्हणाल्या, "येऊ. पण एका वाजवणाऱ्याला आमच्याकडे दोन खुर्च्या लागतात."

तेव्हापासून आम्ही पुन्हा लग्नांना जातो. आता माझे एवढेच मागणे आहे. तुमच्या घरी एखादे वाद्य पेटीत पडून असेल, तर ते बाहेर काढा. फाटले असेल तिथे सांधा, पुसा, वाजवून बघा. वाजवणाऱ्याचा हात चालत नसेल, तर शेजारी स्टूल ओढून बसा. पहिला आवाज कर्कश येईल, घरातले कानांवर हात ठेवतील. ठेवू द्या. तुम्ही भाता पुन्हा ओढा.