कुलपाचा पडदा

लेकीला परदेशात मुलगी झाली, त्या वर्षीची ही गोष्ट. बॉयलरवाला सकाळपाळी संपवून घरी आला, तर बायको कॉम्प्युटरपुढे हात मांडीत घेऊन बसलेली.

"लागला नाही का लेकीचा फोन?"

"वाजत होता. पण पडदा पडलेला. मी उघडेपर्यंत बंद झाला."

जुन्या कॉम्प्युटरवर जावयाने लिनक्स बसवून दिलं होतं. जरा वेळ हात लावला नाही की त्याला कुलूप लागायचं. करडा पडदा, त्यावर भलंमोठं घड्याळ आणि खाली मुंगीएवढी चौकट. त्या चौकटीत लेकीचं नाव इंग्रजीत लिहायचं. बायको अक्षरं शिकली ती पंचेचाळिशीत, लेकीच्या शाळेच्या पुस्तकांवरून. अजूनही लिहिलेलं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तिचा विश्वास बसत नसे.

"मी अक्षर लिहिते आणि ते ठिपके काढतं," ती म्हणाली. "चुकलं कुठे, कळायचं कसं?"

"कुलूपच काढून टाकतो. कटकट नको." पाळीभर व्हॉल्व्ह फिरवून त्याची बोटं आखडली होती.

"काढू नका. उभा जन्म तुम्ही दार उघडलंत आणि मी मागून आत शिरले. हे एक मला उघडू द्या."

तो कपडेही न बदलता खुर्ची ओढून बसला. धडपडत सेटिंग शोधलं, नातीचा फोटो लावला, मशीन बंद करून चालू केलं. पडद्यावर नात झळकली. दोघं चहा पिऊन येतात तो, ये रे माझ्या मागल्या! पुन्हा तोच करडा पडदा.

त्याने जावयाला फोन लावला. "जावईबापू, तुमचं हे लिनक्स मला काही जुमानत नाही."

"बाबा, तुम्ही दुसरंच दार रंगवलंत. मशीन चालू करताना दिसतो तो पडदा वेगळा, कुलूप लागल्यावर पडतो तो वेगळा."

"एवढ्याशा घराला दोन दारं? आणि हे आत्ता सांगताय?"

"तुम्ही विचारलंत तरी कधी?"

मग जावई सांगत गेला, तसा तो करत गेला. घड्याळ काढलं. अक्षरं मोठी केली. नात या पडद्यावरही आणली. चौकटीच्या टोकाला एक डोळा होता. तो दाबला की ठिपक्यांची अक्षरं व्हायची.

"पण बाबा, मागून कोणी वाचेल हं."

"तिच्या मागे मी सोडून आहे कोण?"

त्याने कुलूप लावलं आणि खुर्ची बायकोला दिली.

"तुम्ही भिंतीकडे बघा," ती म्हणाली.

तो वळून उभा राहिला. एका बोटाने कळा दाबल्याचा आवाज येत होता. मध्येच आवाज थांबला.

"अडलं का गं?"

"गप्प बसा. एक जास्तीचं पडलंय. दिसलं मला. खोडते."

पुन्हा दोन कळा वाजल्या.

"उघडलं," ती म्हणाली. मग तिनेच कुलूप लावलं आणि पुन्हा पहिल्यापासून लिहायला लागली. बॉयलरवाला तिथेच भिंतीला टेकला. त्याचे डोळे मिटत होते, पण तिने वळायला सांगितलं नव्हतं.

त्यानंतर तो पाळीवरून यायचा तेव्हा मायलेकींच्या गप्पा रंगलेल्या असायच्या. त्याच्याकडे कोणी मान वर करूनही बघत नसे. तो आपला हातपाय धुऊन चहा टाकायचा.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये, नात धरून उभी राहायला लागली त्या आठवड्यात, भर दुपारी, तो पाळीवर असताना त्याची बायको वारली.