पर्वात धुतलेला दात

डॉक्टर जयपालांची धाकटी बहीण विजयमाला हिचं लग्न झालं त्या साली, म्हणजे एकोणीसशे चौऱ्याहत्तरला, मी सांगलीत आले. बस्त्यासाठी पुण्याला गेलेल्या डॉक्टरांनी मला साड्यांच्या गाठोड्यात गुंडाळून आणलं. मित्रांनो, मी काचेची सिरिंज आहे, पण दंडात टोचायची नव्हे. दाताच्या मुळात केसासारख्या बारीक नळ्या असतात. आतली सडलेली नस काढली तरी तिथे घाण आणि जंतू उरतात. ते औषधाने धुऊन काढायचं काम माझं. त्या औषधाला कपडे पांढरे करायच्या पावडरीसारखा उग्र वास येई. मला रोज उकळत असत. ते मला कधी आवडलं नाही, पण त्याशिवाय मी कुणाच्या तोंडात जायच्या लायकीची नव्हते.

पुढच्या साली भाद्रपदात डॉक्टरांची आत्या पद्मावती समडोळीहून आली. जैनांचं दहा दिवसांचं दशलक्षण पर्व चालू होतं. ती दिवसातून एकदाच जेवत होती आणि खालची दाढ ठणकत होती. डॉक्टरांनी दाढ उघडून नस काढली आणि मला उचललं. वास येताच आत्याने तोंड मिटलं.

"त्यात काय हाय रं, जया?"

"औषध आहे आत्या. मुळातले जंतू मरतात."

"मंजे जीवच की. पर्वात आमी हिरवी भाजी चिरत न्हाई, आन तू माज्या तोंडात जीव मारणार व्हय?"

"अगं, दिसत पण नाहीत ते."

"दिसत न्हाईत म्हणूनच लय जपायचं असतं. तुला मंदिरात काय झोपायला धाडत होते का?"

डॉक्टर हसले आणि तिथेच चुकले. वडीलधाऱ्या बाईशी वाद नको म्हणून त्यांनी मला खाली ठेवलं. न धुताच दाढेत कापूस घातला, वरून बंद केली आणि पर्व संपल्यावर यायला सांगितलं.

पर्वाचा शेवटचा दिवस, चौदस, यायच्या आधीच तिचा मुलगा जिनदत्त तिला घेऊन आला. गाल सुजून हनुवटीखाली उतरला होता. तोंड जेमतेम उघडत होतं, अंगात ताप होता.

"सूज गळ्याकडे गेली तर श्वास अडकेल," डॉक्टर म्हणाले.

"मग दाढ उपटून टाक," आत्या कशीबशी बोलली. "ती माजी हाय, मी देईन. दुसऱ्याचा जीव कसा दिऊ?"

"दाढ काढली तरी आतल्या पुवात जंतू आहेतच, आत्या. ते मारायचं औषध द्यावंच लागेल. पाप माझ्या माथी."

आत्याने गालावरचा हात काढला. मग म्हणाली, "तुज्या कशाला? दाढ माजी, पाप बी माजंच. धू."

डॉक्टरांनी दाढ उघडली. आधी पू वाहून गेला. मग त्यांनी माझा दट्ट्या अगदी हळू दाबला, कारण जोर लावला तर औषध मुळाच्या टोकाबाहेर जातं आणि आग आग होते. औषध आत जाई, गढूळ होऊन परत येई. ते स्वच्छ येईपर्यंत आम्ही धूत राहिलो. जोडीला सुजेवर इंजेक्शनंही दिली.

क्षमावाणीच्या दिवशी आमच्यात सगळ्यांची क्षमा मागतात. आत्या आली तेव्हा सूज उतरली होती. ती खुर्चीवर बसलीच नाही. तिच्या दाढेतलं गढूळ औषध ज्या भांड्यात पडलं होतं त्यापुढे उभी राहून तिने हात जोडले. जिनदत्त हसू लागला, तर म्हणाली, "हसतोस काय? तू बी माग." डॉक्टरांनीही हात जोडले. त्यानंतर कुणी कितीही मोठं माणूस असो, न धुतलेली दाढ त्यांनी बंद केली नाही.

पुढे प्लास्टिकच्या सिरिंजा आल्या, माझ्या काचेला चीर गेली आणि मी कपाटात पडले. त्याचं मला दुःख नाही. मित्रांनो, एवढंच सांगते : ठणका थांबला म्हणजे दात बरा झाला असं नसतं. आतली घाण गुपचूप वाढते. डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं तर जा.

पद्मावती आत्या त्या दाढेने भाकरी खात राहिली. एकोणीसशे एकोणऐंशीच्या माघात, समडोळीत, ती वारली.