रफूगराचा पट्टा

कापडाला पडलेले भोक दिसेनासे करणे हाच ज्याचा धंदा, त्याने स्वतःच्या पोटाचे भोक अकरा वर्षे कोणाला दिसू दिले नाही, यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते. बेंबीच्या बोटभर वर त्याच्या पोटाची भिंत विरली होती. खोकला आला, हसू आले, की तिथून लिंबाएवढा फुगवटा वर येई. रफूगराने त्यावर आपल्या हाताने एक पट्टा शिवला होता: चार बोटे रुंद, जाड सुती कापडाचा, मधोमध कापसाची गोल उशी. सकाळी अंथरुणातच, उठून बसण्याआधी, तो फुगवटा हलकेच आत सारी, पट्टा आवळी, वर सदरा चढवी, आणि मगच त्याचा दिवस सुरू होई. खिडकीपाशी, टेबलाच्या कडेला पोट टेकवून, एका डोळ्याला भिंग लावून तो लोकरी कोटांवर वाकलेला असे. त्याच कोटाच्या आतल्या दुमडीतून धागे उपसायचे आणि त्याच धाग्यांनी भोक विणून काढायचे, ही त्याची रीत. अकरा वर्षांत पट्ट्याची उशी कधी दबून कठीण झाली नाही, हे तो आपल्या शिवणीचे यश समजे. बायकोला यातले काही ठाऊक नाही, अशीही त्याची समजूत होती.

मग मोठ्या आतड्याच्या डाव्या बाजूला गाठ निघाली.

शल्यविशारद बाई सडपातळ होत्या. चष्मा नाकावर कमी आणि केसांत जास्त असे. त्यांच्या खोलीत दुपारचे ऊन पडद्यातून गाळून येत होते, आणि त्या उजेडात सगळेच, टेबलावरचे कागदसुद्धा, पाण्याखाली ठेवल्यासारखे वाटत होते.

"काका, आणखी काही सांगायचं राहिलंय का?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

बाईंनी स्कॅनची फिल्म उजेडाच्या चौकटीवर लावली आणि पेनाचे टोक एका जागी टेकवले. "मग पोटाच्या भिंतीतलं हे भोक कुणाचं? माझं तर नाही."

रफूगराची बायको खिडकीबाहेर पाहू लागली.

"तुम्ही तपासलंत तेव्हा तर दिसलं नव्हतं," रफूगर हळूच म्हणाला.

"नव्हतंच दिसलं. शाबास आहे तुमची. पण या यंत्रापुढे लपवालपवी चालत नाही." बाई खुर्चीवर टेकल्या. "असो. आधी आतड्याचा गाठवाला भाग काढू. दुर्बिणीतून. पोटात वायू भरून ते तंबूसारखं उभं करायचं, चार छोटी भोकं पाडायची, एकातून दिवा आणि कॅमेरा आत. हर्निया सहा महिन्यांनी."

"म्हणजे पुन्हा भूल?"

"पुन्हा भूल."

"दोन्ही एकदमच का नाही होत?"

"होतं, पण त्यात एक मेख आहे. हर्नियाला आम्ही जाळी लावतो. आणि ज्या दिवशी आतडं उघडलं, त्या दिवशी जाळी लावायची नसते. जंतू तिच्यात घर करतात, मग बाहेर निघायचं नाव घेत नाहीत."

"जाळी म्हणजे आमच्यातलं ठिगळ."

"तसंच म्हणा."

"मग ठिगळ नको. रफू करा."

बाईंचा चष्मा केसांतून नाकावर आला. "नुसत्या टाक्यांचं काम पुन्हा उसवू शकतं, काका."

"कोण घालतं त्यावर आहे."

"अहो, डॉक्टर आहेत त्या," बायको म्हणाली.

रफूगराने हात गुडघ्यांवर ठेवले. ते हात उगीच पडून राहण्याची सवय नसलेले होते. गेले वर्षभर तास-दीड तास टेबलाला टेकून बसले की फुगवट्यातून कळ निघे. तीन कोट अर्धवट पडले होते. टेबलाला टेकल्यावाचून हात स्थिर राहत नाही, आणि हात स्थिर नसला तर सुई धाग्यांच्या मधून जात नाही, धाग्यात घुसते. हे सारे कसे सांगावे हे त्याला कळेना.

"एकदा झोपवा, झोपतो," तो म्हणाला. "दुसऱ्यांदा मी येणार नाही. माझा धीर एका वेळेपुरताच आहे, आत्ताच सांगून ठेवतो. गाठ काढून तुम्ही मला जगवाल. पण त्या टेबलाशी बसता येणार नसेल, तर जगून मी काय बघत बसू?"

बाईंनी फोन करून भूल देणाऱ्या डॉक्टरांना बोलावले. आडव्या अंगाचे, संथ बोलणारे गृहस्थ. रुग्णालयात सगळे त्यांना 'अंगाईवाले' म्हणत. त्यांनी रफूगराच्या छातीला नळी लावली आणि स्वतःच झोपी जातील की काय असे वाटावे इतका वेळ ऐकत राहिले.

"तीन तास," ते म्हणाले. "भात्यात तेवढाच वारा आहे. वर एक मिनिट मागू नका."

"आतड्यालाच अडीच लागतील," बाई म्हणाल्या. "अर्धा तास उरला तर हर्निया. नाही उरला, तर काका, तुमचा पट्टा आणि तुम्ही."

"कापडवाल्यासारखं मोजून देताय."

"तुम्हीच घासाघीस करताय."

निघताना रफूगर दाराशी थांबला. "आतड्याचा तुकडा त्या चार छोट्या भोकांतून कसा निघणार?"

"नाही निघणार. इथे," बाईंनी स्वतःच्या ओटीपोटावर बोटे ठेवली, "एक वेगळा छेद घ्यावा लागतो."

"एक भोक आधीच आहे की. आम्ही फाटलेली जागा सोडून शेजारी नवी फाडत नाही."

बाईंच्या हातातले पेन थांबले. "बघू," त्या शेवटी म्हणाल्या.

"आणि टाका ओढू नका. दोन्ही कडा नुसत्या भेटल्या पाहिजेत, दाबल्या जाता कामा नयेत. बारीक घाला, जवळजवळ घाला, आणि वळणावर धागा केसभर सैल सोडा. कापड धुतल्यावर आटतं, तेव्हा तो कामी येतो."

"या तुम्ही आता," बाई म्हणाल्या. पण त्या हसल्या होत्या.

शस्त्रक्रियेच्या दिवशी दुपारी परिचारिकेने पट्टा सोडवला, घडी केली आणि बायकोच्या पिशवीत दिला. बायकोने तो काही न विचारता घेतला, जणू भाजीची जुडी घ्यावी. रफूगराला ते जाणवले, पण त्यावर विचार करायला उसंत नव्हती, वरचे गोल दिवे जवळ येत होते, आणि अंगाईवाल्यांचा संथ आवाज विचारत होता, "काका, सध्या काय काम चाललंय?"

"राखी कोट," रफूगर म्हणाला. "कोपरावर कसर लागलीय. धागे पाच... नाही, सहा..."

सातवा धागा त्याला सापडला नाही. त्याऐवजी सापडला तो एक विशाल तंबू. आतून गुलाबी, ओलसर, आणि इतका निःशब्द की आपल्याच श्वासाची लाज वाटावी. कुठून तरी एक लहानसा दिवा आत आला होता आणि काहीतरी हरवल्यासारखा कापडाच्या घड्यांवरून सावकाश फिरत होता. मग तंबूची जमीनच कलली. कोणी हात न लावता सगळ्या घड्या, झोपेत कूस बदलणाऱ्या माणसांसारख्या, एकीवर एक घसरत उजवीकडे गेल्या आणि डावी बाजू मोकळी झाली. तिथे एक डाग होता. रफूगराला तो ओळखीचा वाटला. असे डाग तो कोटांवर रोज पाहत असे आणि गिऱ्हाइकाला विचारीत नसे, कसा पडला म्हणून. दिवा त्या डागापाशी फार वेळ थांबला. बाहेर कुठे तरी ऊन उतरत चालले असावे. त्याला सांगायचे होते, घाई करा, भात्यातला वारा संपेल. पण तंबूत शब्द धाग्यांसारखे ओले होऊन पडत होते, सुईत जात नव्हते.

मग तंबूच्या माथ्यावर, जिथे कापड पूर्वीपासूनच विरले होते, तिथून आभाळ दिसू लागले. डाग त्या आभाळाकडे ओढला गेला, कडांना न शिवता, एखाद्या पारदर्शक बाहीतून हात काढावा तसा. पाठोपाठ तंबू हळूहळू खाली बसला, आणि कोणीतरी त्या आभाळाच्या कडा एकमेकींजवळ आणू लागले. एक टाका. थांबणे. दुसरा टाका. रफूगर झोपेतही मोजत होता, पण आकडे त्याच्या बोटांतून निसटत होते.

तो जागा झाला तेव्हा खिडकीत संध्याकाळ पिवळी झाली होती. घसा कोरडा होता. पोटात भरलेल्या वायूमुळे उजवा खांदा दुखत होता. सवयीने त्याचा हात पांघरुणाखाली गेला.

"हात नाही लावायचा," परिचारिका म्हणाली.

"लावत नाही. मोजतोय."

बोटांनी पट्ट्या चाचपल्या. एक उजवीकडे, तिच्याखाली एक. डावीकडे एक. ओटीपोटावर काहीच नाही. बेंबीच्या वर एक लांब पट्टी होती, पण त्याने काय ठरत होते? कॅमेरा तिथूनही गेला असेल. फुगवटा खाली दबा धरून बसला असेल. खोकून पाहावे तर छाती धजेना.

दार उघडले आणि बाई आल्या. टोपीच्या दोरीचा वळ अजून कपाळावर होता.

"गाठ गेली," त्या म्हणाल्या. "जोडही चांगला बसलाय. पण आतडं चिकटलेलं होतं, काका. वेळ खाल्ला त्याने. अंगाईवाले घड्याळ दाखवायला लागले तेव्हा वीस मिनिटं उरली होती."

रफूगराने डोळे मिटले. "म्हणजे हर्निया राहिला."

"वीस मिनिटांत वेगळा हर्निया कसा करणार?" बाईंनी खुर्ची ओढली. "पण तुकडा कुठून तरी बाहेर काढायचाच होता. तुमचंच भोक थोडं मोठं करून घेतलं, प्लॅस्टिकची बाही घालून, कडांना काही लागू न देता. आणि काढल्यावर भोक बंद तर करावंच लागतं ना? दोन कामांचं एकच काम झालं. आतडं जोडायला यंत्र आहे हो. पोट शिवायला अजून हातच लागतो."

"किती टाके?"

"मोजले नाहीत. बारीक घातले. जवळजवळ."

"ओढले?"

"नाही ओढले," बाई जरा चिडूनच म्हणाल्या. "माझा सहाय्यक विचारत होता, बाई आज इतक्या सावकाश का."

त्यांनी एक उशी रफूगराच्या पोटावर ठेवली. "ही धरा. आणि हळू खोका."

रफूगर खोकला. कळ आली, लांबच लांब, डोळ्यांत पाणी आणणारी. पण उशीखाली काहीही वर आले नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याच्या पोटाने त्याच्या हाताला धक्का दिला नव्हता.

"जाळी नाही, तेव्हा खात्री देत नाही मी," बाई म्हणाल्या. "तीन महिने वजन उचलायचं नाही, टेबलाला टेकायचं नाही. त्यानंतरही, पाच-सात वर्षांनी उसवलं तर मला बोल लावू नका."

"रफूची खात्री आम्ही तरी कुठे देतो," रफूगर म्हणाला.

बाई गेल्यावर बायको आत आली, पिशवी मांडीवर घेऊन बसली. खिडकीतला पिवळा रंग राखी होत गेला.

"तो पट्टा फेकून दे," तो म्हणाला. "नाहीतर थांब. बघू दे एकदा."

तिने दिला. त्याने तो हातात घेतला आणि, का कोण जाणे, उलटा केला. रोज सकाळी अंथरुणातच, अंधुक उजेडात, सुलट्या बाजूने बांधलेला. उलटी बाजू त्याने शिवल्यावर पुन्हा पाहिलीच नव्हती. उशीच्या कडेला एक शिवण होती. लांब टाक्यांची, वाकडीतिकडी, एकाच जागी कितीदा तरी उसवून पुन्हा घातलेली. परक्या कोटावरचा एक चुकार धागा हातभर अंतरावरून ओळखणारा तो, त्या शिवणीकडे नुसता पाहत राहिला.

"हे टाके माझे नाहीत."

"तुमचे असते तर उशी पहिल्याच वर्षी दगड झाली असती," ती म्हणाली. "दर चार महिन्यांनी कापूस कोण बदलत होतं, वाटलं तुम्हाला?"

"बोलली नाहीस कधी."

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

त्याने पट्टा पोटावरच्या उशीवर ठेवला आणि वाकड्या शिवणीवरून बोट फिरवले. प्रत्येक वळणावर धागा केसभर सैल होता.