बोटवाल्या काकांचा फोटो

गल्लीत त्यांना सगळे बोटवाले काका म्हणत. हाड मोडो, सांधा निखळो की पाय मुरगळो, माणूस आधी लंगडत त्यांच्या मागच्या खोलीत जायचा आणि मग वाटलंच तर डॉक्टरकडे. काका दुखरा हात मांडीवरच्या उशीवर घ्यायचे, डोळे मिटून चाचपायचे आणि मध्येच काहीतरी भलतंच विचारायचे. "सासूबाई कशा आहेत?" उत्तर द्यायला तोंड उघडलं की खटकन सांधा जागेवर! सासूबाईंचं राहूनच जायचं. मग अंड्याच्या पांढऱ्या बलकात पीठ कालवून त्यात भिजवलेलं फडकं, जोड्यांच्या खोक्याचा पुठ्ठा, आणि गाठ नेहमी कडेला, झोपेत टोचू नये म्हणून.

अशा माणसाची एकुलती एक मुलगी एक्स-रे काढायला लागली, आता बोला! वीस वर्षं ती मोठ्या इस्पितळात यंत्रामागे उभी होती आणि वीस वर्षं बापलेकीचं एकच भांडण चालू होतं.

"बाबा, आधी फोटो काढायला पाठवत जा हो लोकांना."

"तुझ्या यंत्राला डोळे आहेत गं, बोटं कुठे आहेत?"

पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते खोटं नाही. तिच्या खोलीबाहेर अख्खं शहर रांग लावायचं आणि घरात तिला कुणी विचारत नव्हतं.

म्हणून पाववाल्याच्या मनगटावर ती कडेची गाठ दिसली तेव्हा तिचा विश्वासच बसेना. "काकांनीच पाठवलं," पाववाला म्हणाला, "म्हणाले, फोटो काढून घे." मनगट मोडलेलं होतं. पुढच्या आठवड्यात त्याच गाठीची एक शिक्षिका आली, मग एक सुतार. त्याचं फडकं सोडताना खोलीत गर्दीच जमली. दूर देशाहून आलेल्या डॉक्टरीणबाईंनी वास घेतला आणि त्या हसल्याच. "अंडं! आमची आजी पण अंडंच लावायची. वर ठेचलेला कांदा." सफाईवाल्या मावशी आणखी तिसरीकडच्या. त्यांच्याकडे म्हणे कढत मिठाची पुरचुंडी आणि अळशीचं पोटीस. कुणाची आजी भारी यावर रोग्यासमोरच वाद जुंपला. सुतार बिचारा हात धरून सगळ्यांच्या आज्या ऐकत बसला.

संध्याकाळी ती वडिलांकडे गेली ती नाचतच. "आलात ना शेवटी ताळ्यावर! उशिरा का होईना, शहाणपण सुचलं."

काका नुसते हसले. चहा ओततो म्हणाले. शेगडीवरचं पातेलं त्यांनी सांडशीशिवाय, कडेला धरून उचललं आणि सावकाश दोन कप भरले. पातेल्यातला चहा अजून उकळत होता.

"बाबा, हात!"

त्यांनी पातेलं खाली ठेवलं आणि बोटांकडे पाहिलं. टोकं लालबुंद झाली होती. त्यांच्या शेजारी आधीच्या दोन फोडांच्या खुणा होत्या. शर्टाची गुंडी एक घर चुकून लागलेली होती, गाल दाढी करताना दोन ठिकाणी कापलेला होता. हे सगळं ती आल्यापासून समोर होतं, आणि फोटोत केसाएवढी चीर शोधणारी ही बाई आपल्याच विजयाचे ढोल बडवत बसली होती.

"कधीपासून?"

"उजव्या हाताची बधिर आहेत, गेल्या थंडीपासून. डावीकडे दोन बोटं शाबूत आहेत अजून." ते खुर्चीवर बसले. "पाववाल्याचं मनगट नुसतं मुरगळलंय म्हणून मी बांधलं. तीन दिवस कळ सोसली त्याने, माझ्यावर विश्वास ठेवून. हातगुण आहे म्हणतात ना लोक. म्हटलं, आता हिच्याकडेच पाठवावं. निदान हिला दिसतं."

तिला रडू आवरेना. वडील जिंकत होते तेव्हा भांडणात गंमत होती. असं जिंकायचं नव्हतं तिला. बोटं गेली तर या माणसाचं काय उरणार, एवढाच प्रश्न तिला भेडसावत होता, आणि तो विचारायची छाती नव्हती.

दोन दिवसांनी तिने त्यांना इस्पितळात नेलं. नसांच्या डॉक्टरांनी टोचून पाहिलं, हातोडीने ठोकून पाहिलं. बधिरपण वाढायचं थांबवता येईल, पण गेलेलं परत येईलसं वाटत नाही, असं स्वच्छ सांगितलं आणि मानेचे अन् हातांचे फोटो मागवले. काका आयुष्यात पहिल्यांदा लेकीच्या खोलीत आले. तिने त्यांचा उजवा हात काचेसारख्या थंड फळीवर ठेवला, बोटं फाकवली, आणि सवयीने विचारलं, "गार लागतंय?" मग जीभ चावली.

पडद्यावर हात उमटला. पन्नास वर्षं हाडं जोडणाऱ्या माणसाने हाड असं कधी पाहिलंच नव्हतं. ते पडद्याला नाक लावून उभे राहिले. "आणि मी हे सगळं मिटल्या डोळ्यांनी करत होतो होय!" मग त्यांची नजर तर्जनीवर थांबली. "हे मोडलं होतं बघ. आठ वर्षांचा होतो, दारात सापडलं. आईने बसवलं."

फोटो बघायला आलेल्या त्या कांद्यावाल्या डॉक्टरीणबाई चष्मा वर करून वाकल्या. "मोडलं होतं? मला तर रेषही दिसत नाही."

"दिसायची नाही. हाताला लागते." त्यांनी मुलीचा अंगठा धरला आणि आपल्या तर्जनीवर टेकवला. "डोळे मीट. दाबू नकोस, नुसता फिरव. घाई नाही."

तिने डोळे मिटले. आधी कातडी, मग फक्त हाड. तिने हजारो हाडं पाहिली होती, हात मात्र एकालाही असा लावला नव्हता. वर, खाली, पुन्हा वर. आणि मधल्या पेराच्या जरा खाली, तांदळाच्या कणीएवढा उंचवटा अंगठ्याला लागला.

"आहे!" ती ओरडलीच. "बाबा, इथे आहे. लागला मला."

"तिथेच आहे तो." काकांनी डोळे मिटले होते. "मला तर तुझा अंगठाही लागत नाहीये गं."

तिने अंगठा काढला नाही.

"उद्या ती शिक्षिका येणार आहे पट्टी बदलायला," ते म्हणाले. "जरा लवकर ये. उशी तुझ्या मांडीवर घेऊ."