हॅस्किन्स फोर्डची पाटी

बाबांना पुरून आलो त्या दुपारी चर्चच्या तळघरात भाजलेलं हॅम, बटाट्याचं सॅलड आणि ड्वाइट केटरमन असे सगळे हजर होते.

ड्वाइट माझ्या वर्गातला. आता काउंटीचा कमिशनर. गेल्या वर्षी त्याच्याच सहीनं हायवेवरची आमच्या वस्तीची हिरवी पाटी निघाली. हॅस्किन्स फोर्डला ना नगरपालिका, ना महापौर, माणसं अकरा. एवढ्यांसाठी पाटी ठेवत नाहीत, असं त्यानं बाबांना कळवलं होतं. मंगळवारी बाबा अंगणात कोसळले. शेजारच्या ओनेटाबाई ॲप्रन हलवत फाट्याकडे धावल्या, पण पाटी नसल्यानं ॲम्ब्युलन्स तोवर फाटा चुकून पुढे निघून गेली होती. ती परत वळून आली तेव्हा घाईचं कारण उरलं नव्हतं.

"लिओरा," ड्वाइट केकची बशी घेऊन शेजारी बसला. "फाट्यावर इतिहासाचा फलक लावतोय आपण. चांगला पितळी. तू शिकलेली, मजकुरावरून एकदा नजर फिरव."

मी कागद वाचला. नदी पायी ओलांडायचा उतार, गिरणी, पुरात गेलेला पूल. सगळं बाबांनीच कधीतरी सांगितलेलं. शेवटी लिहिलं होतं: गिरणी बंद पडल्यावर उरलेली कुटुंबंही निघून गेली.

"तू खातोयस तो केक त्यातल्याच एका बाईनं केलाय, ड्वाइट. आज सकाळी."

"अगं, फलकावर थोडक्यात लिहावं लागतं."

"मेलेल्या गावासाठी पितळ मिळतं आणि जित्या माणसांसाठी पत्रा नाही?"

"नियम मी नाही केले."

"सही तू केलीस."

मी कागदाची घडी करून त्याच्या कोटाच्या खिशात घातली. "बाबांच्या कोठाराचं दार उतरवतेय. त्यावर नाव लिहून आजच फाट्यावर रोवणार."

"ती जागा काउंटीची आहे. मला ते काढावं लागेल."

ओनेटाबाईंनी त्याच्यापुढची बशी उचलली. केक अर्धा उरला होता. "ये की काढायला, पोरा. आता वाट तरी चुकणार नाही तुझी."

संध्याकाळी दारावर पांढऱ्या रंगात नाव लिहिलं. खाली लोकसंख्या. अकरा लिहावंसं फार वाटलं. पण खोटं लिहायला काउंटी होती. मी दहा लिहिलं.