पंपावर केरबा

"नळीवर पाय देऊ नगंस," आकाराम बायकोला म्हणाला.

राहीबाईनं उचललेला पाय तसाच धरला, डोक्यावरची घागर सावरली आणि नळी ओलांडली. उंबऱ्यापासून निघालेली नळी तुळशीला वळसा घालून गोठ्यात शिरली होती. गेला महिनाभर त्या घरात कुणी सरळ चाललं नव्हतं.

गोठ्यातल्या दगडी डोणीत नळीचा मधला भाग बुडवून आकाराम उकिडवा बसला होता. कुठून बुडबुडा येतो का, ते बघत होता. शेजारी म्हैसही बघत होती, कारण डोणी तिची होती.

नळी त्यानं स्वतः केली होती. आत तारेची लांबलचक गुंडाळी, म्हणजे पाण्यानं कितीही दाबलं तरी नळी चपटी व्हायची नाही. तिच्यावर लॉरीच्या ट्यूबची पट्टी. तिच्यावर तंबूच्या कापडाचे दोन थर, एक डावीकडून गुंडाळलेला आणि एक उजवीकडून, म्हणजे पीळ पडत नाही. मध्ये रबराचं सोल्युशन. वरून दोन टाके घालावेत असं कुणीतरी सुचवलं, तेव्हा आकारामनं त्याला एवढंच सांगितलं की टाका म्हणजे भोक. लोहाराच्या नाथाजीनं आपला भाता देऊ केला होता. भात्याच्या तोंडाला नळी जोडून दुसरं टोक डोणीच्या तळाशी धरलं, तर हवा काही बाहेर येईना. पाणी विस्तवापेक्षा हट्टी असतं, हे नाथाजीला पटलं नाही. तो भाता उचलून घरी गेला.

युद्धाच्या वर्षांत आकाराम मुंबईच्या गोदीत होता. तिथल्या पाणबुड्यांच्या हवेच्या नळ्या तो सांधायचा. गावानं त्यातला पाणबुड्या तेवढा ऐकला आणि सांधणं सोडून दिलं. आकाराम स्वतः पाण्याखाली कधीच गेला नव्हता. हे राहीबाईला माहीत होतं. गावाला सांगायची वेळ एकदा आली होती. ती त्यानं जाऊ दिली.

खाली जायचं होतं ते विहिरीत. विहीर दोन घरांची, त्याची आणि चुलतभावाची, केरबाची. माघात तिचा एक चिरा ढासळला आणि पाणी ओढणाऱ्या पाइपच्या तोंडावर जाऊन बसला. तेव्हापासून इंजिन धडधडायचं, पण पाणी यायचं नाही. आता मोट कोण हाकतंय म्हणून दोन्ही घरांनी मोटेचं पाणी पडायचं ते थारोळं उखडून त्याच दगडांची इंजिनाला खोली बांधली होती. त्यामुळं विहीर तुडुंब होती आणि बांधापलीकडं ऊस वाळत होता. गावातले पट्टीचे पोहणारे बुडी मारत, चिऱ्याला हात लावत आणि वर येऊन चिरा खाली आहे असं सांगत. त्याबद्दल कुणालाच शंका नव्हती. चिऱ्याला साखळी बांधायची होती, आणि तेवढा वेळ कुणाच्या छातीत मावत नव्हता.

इंजिन घ्यायचं यावर दोन घरांचं एकमत झालं होतं. ते आल्यावर आधी पाणी कुणी घ्यायचं यावर झालं नाही. खटला साताऱ्याच्या कोर्टात गेला. पुढं जगात युद्ध सुरू झालं आणि संपलंही, पण खटल्याला तशी काही घाई नव्हती. तेवढ्या वर्षांत दोन्ही भाऊ बोलले ते फक्त वकिलांमार्फत.

बुडबुडा आला नाही. आकाराम उठला. जेवायला बसल्यावर राहीबाईनं विचारलं, पंप कोण मारणार. पंप लोणंदच्या जुन्या बाजारातून आणलेला होता, लष्करी मोटारींच्या चाकात हवा भरायचा. तिनं तासगावला निरोप धाडून आपल्या भावाला, अर्जुनाला, बोलावून घ्यायचं ठरवलं होतं.

"अर्जुनाला दोर धराय दे," आकाराम म्हणाला. "पंपावर केरबा बसंल."

राहीबाईचा हात परातीत थांबला. "आवं, त्यो तुमच्या मुळावर उठलाय."

"म्हणूनच. मी मेलो तर अर्जुना रडंल. केरबा फासावर जाईल. त्यानंच मारला म्हणून सगळा गाव साक्ष दील. आता तूच सांग, पंप जोरात कोण मारंल?"

राहीबाईनं बराच वेळ विचार केला. त्यात चूक सापडेना, म्हणून तिनं त्याला भाकरी वाढली नाही.

केरबाला चावडीवर बोलावून हे सांगितलं, तेव्हा त्याच्या तोंडातली तंबाखू तशीच राहिली. तो सरळ नाही म्हणाला. मग त्याच्या ध्यानात आलं की नाही म्हटलं तर ऊस केरबानं वाळवला असं होणार. तेव्हा त्यानं पोलीस पाटलांकडं, लालासाहेबांकडं, तोंड केलं. नळी फुटून आकाराम गेला तर त्यात आपला दोष नाही, एवढं आकारामनं चार माणसांत बोलावं, अशी त्याची अट होती.

"न्हाई बोलणार," आकाराम म्हणाला. "तसं बोललो तर तू बिडी वडत बसशील."

"आरं, पर नळी तुझी हाय, गड्या."

"नळीची काळजी नगं. नळी मी केलीया."

हे तो इतक्या सहज बोलला की चावडीवरच्या सगळ्यांना नळीबद्दल विचारणं असभ्य वाटलं.

तिसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर विहिरीवर गाव जमला. आकारामनं पंपाच्या चामड्याला खोबरेल लावलं. इंजिनाचं तेल घातलं तर खाली त्याचा धूर प्यावा लागतो. कमरेला दोन वरवंटे बांधले, एक घरचा, एक शेजारणीचा. तोंडावर लष्करी लिलावातला गॅसचा मुखवटा चढवून नळी जोडली. दोर एकदा ओढला म्हणजे ठीक, दोनदा म्हणजे वर घ्या, असं अर्जुनाला पुन्हा सांगितलं. केरबाला काहीच सांगितलं नाही. तो पायऱ्यांच्या वरच्या टोकाला पंपापाशी उभा होता आणि त्याला आधीच घाम फुटला होता.

पाणी कानावरून गेलं तशी गावाची गलबल बंद झाली. राहिला फक्त पंप. त्याचा प्रत्येक ठोका नळीतून तोंडापर्यंत येत होता. नळी आकारामच्या खांद्याला घासली, वळली, कुठंही दबली नाही. तळाशी हिरवट अंधार होता. त्याचे पाय चिऱ्याला लागले, आणि आयुष्यात पहिल्यांदा आपण पाण्याखाली उभे आहोत हे त्याच्या लक्षात आलं. त्यानं श्वास घेतला. श्वासाला खोबरेलाचा वास होता, आणि त्याच्यामागून तंबाखूचा. चुना जरा जास्त पडलेल्या तंबाखूचा.

केरबाची मळण्याची तऱ्हा. खटल्याआधी दोघं एकाच बांधावर बसत, तेव्हा हा वास रोज नाकाशी असे. आकारामनं आणखी एक श्वास ओढून घेतला. मग वाकून चिऱ्याभोवती साखळी ओढू लागला.

वर केरबानं डोळे मिटून घेतले होते. त्याच्या हाताला फोड येऊन फुटले, तेव्हा नाथाजी पुढं झाला आणि जरा मी मारतो म्हणाला.

"हात लावू नगंस," केरबा म्हणाला. "मान माझी हाय."

दोर दोनदा हलला. अर्जुनानं ओढलं. आधी नळी, मग मुखवटा, मग आकाराम वर आला. त्यानं मुखवटा काढून पायरीवर ठेवला आणि साखळी घट्ट बसल्याची हातानं खूण केली. सगळा गाव साखळीकडं धावला. बैल जुंपले, चिरा हलला, पाण्यात मोठा भोवरा उठला. लालासाहेब कुणालातरी इंजिन सुरू करायला सांगू लागले. राहीबाईनं वरवंटे सोडले, तिचा आणि शेजारणीचा, आणि नवऱ्याकडं न बघता पदरात घेऊन घराकडं निघाली.

पंप चालूच होता.

आकाराम ठिबकत पायऱ्या चढून केरबासमोर उभा राहिला. केरबाचे डोळे मिटलेले होते. दांडा खाली जात होता, वर येत होता. दांड्याला रक्त लागलेलं होतं.

"केरबा, बास."

केरबानं डोळे उघडले नाहीत. "तू हायस न्हवं?"

"हाय."

"मग बोल कायतरी. बोलत ऱ्हा."

आकारामनं आठवून बघितलं. इतक्या वर्षांत दोघांमध्ये बोलण्यासारखं एकच उरलं होतं.

"गुरुवारी साताऱ्याला तारीख हाय."

"व्हय," केरबा म्हणाला. "हाय." आणि पंप मारत राहिला.

मग आकाराम खाली पायरीवर बसला. सकाळची एस्टी चुकली तर चालत रेल्वेचं स्टेशन गाठावं लागेल, असं सांगू लागला. वकील आता म्हातारा झालाय आणि त्याला ऐकू कमी येतं, असं सांगू लागला. केरबाचा दांडा हळू होत गेला. पायरीवर पडलेल्या मुखवट्याची रबरी झडप अजून थोडी उघडत होती, मिटत होती.